फ्यूज बदलून रोग जात नाही

आपल्या जर्नलमधलं प्रत्येक सर्किट चालतं. रीडिंग येतं, ग्राफ येतो, सही मिळते. पण न चालणारं सर्किट समोर आलं तर? दिवाळीच्या सुट्टीत नशिराबादला घरी गेलो आणि हीच परीक्षा माझ्यापुढे आली.

घरचा जुना अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला होता. २एन३०५५ आणि एमजे२९५५ या जोडीवर चालणारा. आई म्हणाली, "आता इंजिनिअर आलाय ना घरी!" झालं! फ्यूज उडालेला, नवा टाकला. तोही उडाला. मल्टिमीटर लावला तर दोन्ही ट्रान्झिस्टर शॉर्ट. निदान झालं म्हणून खुशीत जळगावच्या गोलाणी मार्केटमधून नवी जोडी आणली, मायका वॉशर लावून बसवली, स्विच दाबला. दहा सेकंदांत धूर! घरात कोणीच काही बोललं नाही. तेच जास्त लागलं.

शेवटी सेट गावातल्या रिपेअरिंगवाल्या काकांकडे नेला. ते म्हणाले, "भाऊ, ट्रान्झिस्टर उडाला हे खरं. पण त्याला उडवला कोणी?"

काकांनी पुन्हा नवी जोडी टाकली, पण आधी सेटच्या सिरीजमध्ये १०० वॉटचा फिलामेंटचा बल्ब लावला. २३० व्होल्टला त्याचा गरम रेझिस्टन्स ५२९ ओहम. म्हणजे सेट पूर्ण शॉर्ट असला तरी अर्ध्या अँपिअरपेक्षा कमीच करंट वाहतो. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, लख्ख राहिला तर गडबड. आमचा लख्खच राहिला. "गाणं नाही, काही नाही, तरी सेट करंट खातोय," काका म्हणाले. क्विसेंट करंटची व्याख्या मला पाठ होती, कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत, स्पेलिंगसकट. पण समोर तोच करंट होता आणि मी ओळखला नाही!

काकांनी बायसचा प्रीसेट फिरवला, काहीच फरक नाही. त्याचा मधला संपर्क सुटला होता. त्यामुळे बायसचा ट्रान्झिस्टर बंद आणि आउटपुटचे दोन्ही सताड चालू. नवा प्रीसेट कमीत कमी बायसवर ठेवून बसवला, बल्ब मंदावला. मग बल्ब काढून ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर साडेचार मिलिव्होल्ट सेट केले, म्हणजे साधारण २० मिलिअँपिअर. स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी जवळजवळ शून्य आहे हे पाहिलं आणि मगच स्पीकर जोडला. एका साध्या प्रीसेटपायी मी महागडी जोडी जाळली होती.

याचा अर्थ पुस्तकं फुकट असा नाही. ५२९ ओहमचा हिशोब मी पुस्तकातल्याच सूत्राने केला. पण सूत्र कुठे लावायचं, हे आपल्याला कोणी विचारतच नाही. म्हणून सरांना एक विनंती. दर सेमिस्टरला एक प्रॅक्टिकल बिघडलेल्या सर्किटचं ठेवा. कुठे डायोड ओपन, कुठे कपॅसिटर सुकलेला. मार्क उत्तराला नकोत. संशय कशाचा घेतला, काय मोजलं, काय बाद केलं, याला द्या. कंपोनंट जळतील ही भीती असेल, तर लॅबमधल्या पॉवर सप्लायला करंट लिमिटचा नॉब असतो. तोच आपला सिरीज बल्ब!

जर्नलमध्ये एक पान चुकलेल्या अंदाजांचंही असू द्या. माझं त्यातलं पहिलं पान तयार आहे.