विसरलेला पासवर्ड आणि कुलूपबंद वही

पूर्वी पेढीच्या तिजोरीला दोन किल्ल्या असत. एक शेठजींच्या कमरेला, दुसरी घरातील विश्वासू माणसाच्या हाती. पुढे खातेवही संगणकावर आली. अनेक पेढ्यांचा हिशेब मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या एका फाइलमध्ये सामावला. परंतु दुसरी किल्ली करून ठेवण्याची रीत मात्र मागे राहिली. पासवर्ड ठेवणारे वडील किंवा जुने मुनीमजी हयात नसले, म्हणजे सारी उधारी आणि येणे-देणे एका न आठवणाऱ्या शब्दाआड अडकून पडते.

अशा प्रसंगी प्रथम फाइलच्या नावाचा शेवट पाहावा. 'एमडीबी' असा शेवट असेल, तर ती ॲक्सेस २००३ पर्यंतच्या जुन्या धाटणीची फाइल होय. तिचा पासवर्ड जास्तीत जास्त २० अक्षरांचा असतो आणि तो फाइलच्याच आरंभीच्या भागात साध्या फेरफाराने झाकून ठेवलेला असतो. त्या पासवर्डामुळे आतील नोंदी सांकेतिक होत नाहीत. हे कुलूप नव्हे, केवळ कडी आहे; जाणकार तंत्रज्ञ ती सहज काढतो.

शेवट 'एसीसीडीबी' असेल, तर गोष्ट निराळी. ॲक्सेस २००७ पासूनच्या या फाइलला पासवर्ड लावला, की आतील सर्व मजकूर सांकेतिक होतो आणि तो उलगडण्याची किल्ली पासवर्डावरूनच तयार होते. येथे एकेक शब्द लावून पाहणे एवढाच मार्ग उरतो. पासवर्ड लहान आणि सोपा असेल तर तो कधी सापडतो. लांब आणि विचारपूर्वक ठेवलेला असेल तर सहसा सापडत नाही. विसरलेला पासवर्ड मायक्रोसॉफ्टही परत मिळवून देऊ शकत नाही.

तथापि, धीर सोडण्यापूर्वी काही गोष्टी तपासाव्यात. मूळ फाइलची प्रत काढून प्रयोग त्या प्रतीवरच करावेत. इंग्रजीतील लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पासवर्डात मोजला जातो. म्हणून कॅप्स लॉक पाहावा, आणि कळफलक मराठीवर तर राहिला नाही ना, तेही पाहावे. दुकानातील दुसऱ्या संगणकावरील फाइल पासवर्ड न विचारता त्याच नोंदी दाखवीत असेल, तर ती मूळ फाइलशी जोडलेली असण्याचा संभव आहे. अशा जोडणीत पासवर्ड उघड अक्षरांत साठविलेला असतो. पासवर्ड लावण्यापूर्वीची एखादी जुनी प्रतही कपाटातील सीडीवर सापडू शकते.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. फाइल अनोळखी माणसाकडे धाडू नये. तिच्यात गिऱ्हाइकांचे व्यवहार असतात आणि ते त्यांनी विश्वासाने सोपविलेले असतात. तसेच भावाभावांत वाटणी झाल्यावर दुसऱ्याच्या वाट्याची वही, कडी कच्ची आहे म्हणून उघडू नये. उघडता येणे आणि उघडण्याचा अधिकार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हिशेब जपणे हे कायद्याचेही बंधन आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार नोंदणीकृत व्यापाऱ्याने हिशेब व दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने सांभाळावे लागते. जी वही उघडतच नाही, ती सांभाळली असे कोण म्हणेल?

यावर उपाय जुनाच आहे. पासवर्ड कागदावर स्पष्ट अक्षरांत लिहून, पाकीट बंद करून तिजोरीत ठेवावा आणि ते पाकीट कोठे आहे हे घरातील दोघांना ठाऊक असावे. पासवर्ड बदलला, की कागदही त्याच दिवशी बदलावा. दिवाळीच्या वहीपूजनाच्या वेळी पुढच्या पिढीतील कोणाकडून तरी त्या कागदावरून फाइल एकदा उघडवून घ्यावी. वारशात केवळ वही देऊन भागत नाही. तिची किल्लीही हाती द्यावी लागते.