वेगाचा जमाखर्च

महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ज्या रामटेकला मेघदूतातील रामगिरी ठरविले, त्या गावाला निरोपाच्या प्रवासाचे कौतुक नवे नाही. परंतु कवीच्या मेघाला इंधनाची तरतूद लागत नव्हती, आणि येथील अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्याच्या खिशातल्या फोनला मात्र प्रत्येक अक्षरासाठी वीज खर्चावी लागते. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्ह-जी सेवेचा प्रारंभ झाल्यापासून वेगाची चर्चा उदंड झाली. त्या वेगाचा विजेतील जमाखर्च मांडण्याची तसदी फारच थोड्यांनी घेतली.

लहरी हवेत सोडण्यापूर्वी त्यांना बळ देणाऱ्या अँप्लिफायरची कार्यक्षमता २५ टक्के धरली, तर त्याने घेतलेल्या चार वॅटांपैकी एकच अँटेनाकडे जातो आणि बाकीच्या तिनांची उष्णता होते. शिवाय वेगवान संदेशाच्या लहरींना क्षणोक्षणी उंच शिखरे येत असल्यामुळे, ती छाटली जाऊन संदेश विकृत होऊ नये म्हणून अँप्लिफायरला पूर्ण शक्तीच्या पुष्कळ खाली राबवावे लागते, सबब ही कार्यक्षमता आणखी घसरते. अधिक वेगासाठी कंप्रता वाढवीत नेली, की ६० गिगाहर्ट्‌झला तर लहर अवघी ५ मिलिमीटरांची होते. चिमुकल्या अँटेनांची रांगच्या रांग चिपलगत मांडता येते, पण त्यांच्यामागे अँप्लिफायरही तितकेच लागतात. अशा मिलिमीटर-लहरी जगदीशचंद्र बसूंनी कलकत्त्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच निर्माण केल्या होत्या. त्या अल्प विजेत निर्माण करणे, हे आजच्या संशोधकापुढील खरे कोडे आहे.

या दिशेने आपल्याकडे काहीच घडले नाही, असे नव्हे. आयआयटी मुंबई आणि सेमी-कंडक्टर लॅबोरेटरी यांनी २०१९ मध्ये, लॅबोरेटरीच्या मोहालीतील १८० नॅनोमीटर उत्पादनप्रक्रियेत सीमॉसच्या जोडीला बसेल असा देशी बायपोलर ट्रान्झिस्टर सिद्ध केला. अंकीय गणित काटकसरीने करणारे सीमॉस आणि उच्च कंप्रतेच्या क्षीण लहरींचे वर्धन करणारा बायपोलर, हे दोघे त्यामुळे एकाच सिलिकॉनवर नांदू शकतात. जगातील अद्ययावत कारखान्यांच्या मानाने ही प्रक्रिया कित्येक पिढ्या जुनी आहे हे खरे, तथापि जुन्या प्रक्रियेवर हात बसल्यावाचून नवीवर कोणाचाच बसत नाही.

तयार चिप परदेशातून मिळत असता हा खटाटोप कशाला, असे विचारणाऱ्यांनी पेंचच्या जंगलात एखादे संवेदक यंत्र बसविण्याची कल्पना करून पाहावी: तेथे बॅटरी बदलायला वारंवार माणूस धाडणे परवडत नाही, आणि आपल्या अशा गरजांचा विचार परक्या कंपन्यांनी आपण होऊन करावा, ही अपेक्षा भाबडी आहे.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, ती स्वागतार्हच आहे. परंतु कारखान्यांच्या भूमिपूजनाबरोबरच दोन गोष्टी व्हाव्यात: दूरसंचार सामग्रीच्या सरकारी निविदांत वेगाइतकीच प्रत्येक बिटामागे खर्च होणाऱ्या विजेचीही अट असावी, आणि तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याने आखलेली चिप प्रत्यक्ष सिलिकॉनवर उतरावी, व पहिली फसली तरी दुसरीचा अर्ज दप्तरातून नामंजूर होऊन परतू नये, अशी कायमची तजवीज सरकारने करावी.