मोठं पातेलं, लहान झाकण

फुल फ्रेम कॅमेरा घेतला की पहिला सल्ला न मागता मिळतो: जुन्या क्रॉप सेन्सरच्या लेन्स विकून टाक. लग्नाचे फोटो काढणारा मित्र असो की काउंटरमागचा विक्रेता, सूर एकच. मोठ्या पातेल्यावर लहान झाकण ठेवून काय उपयोग? मीही ऐकलं आणि माझी निकॉनची 35 एमएम डीएक्स लेन्स घेऊन दुकान गाठलं. तिथे सांगितलेली किंमत ऐकून ती मुकाट्याने परत पिशवीत घातली. हा लेख त्या रागातूनच आला आहे, हे आधीच कबूल करतो.

झाकणाची उपमा खोटी नाही. फुल फ्रेम सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा, त्याचा कर्ण 43 मिलिमीटर. क्रॉप सेन्सरचा जेमतेम 28. लेन्स मागे प्रकाशाचं जे वर्तुळ पाडते ते लहान सेन्सरपुरतंच घडवलेलं असेल, तर मोठ्याचे कोपरे अंधारात राहणार. म्हणून निकॉन आणि सोनीच्या बॉडी अशी लेन्स ओळखून फक्त मधला भाग वापरतात आणि मेगापिक्सेल सव्वादोन पटींनी घटतात. 2007 च्या निकॉन डी3 मध्ये 12 पैकी 5 उरत. तेव्हा ‘विकून टाक’ म्हणणारे बरोबरच होते.

पण सल्ला 2007 मध्येच थांबला आणि सेन्सर पुढे गेले. निकॉन डी850 चे 45 मेगापिक्सेल डीएक्स चौकटीत 19 होतात, म्हणजे 5408 बाय 3600 पिक्सेल. लग्नाच्या 12 बाय 36 च्या अल्बमचं एक पान 12 बाय 18 इंच. इंचाला 300 ठिपके धरले तर लागतात 5400 बाय 3600. मोजून शिवल्यासारखं बसतं! सोनीच्या ए7आर 4 मधून तर क्रॉप करूनही 26 मेगापिक्सेल मिळतात, त्याच वर्षी आलेल्या सोनीच्याच क्रॉप कॅमेऱ्यापेक्षा दोन जास्त.

‘कॅमेरा बिघडेल’ ही भीती कॅननकडून आली. 2003 पासूनच्या ईएफ-एस लेन्सचा मागचा भाग सेन्सरच्या जवळ जातो. फुल फ्रेमचा मोठा आरसा त्यावर आपटू नये म्हणून कॅननने त्या लेन्स अशा बॉडीवर बसूच नयेत अशी सोय केली. मिररलेसमध्ये आरसाच उरला नाही. कॅननच्या आर मालिकेच्या फुल फ्रेम बॉडीवर अडॅप्टर लावून त्याच लेन्स निमूट चालतात. आरसा गेला तरी भीती मात्र मुक्कामाला आहे.

आणि क्रॉपच्या चौकटीत 52 च्या लेन्ससारखं दृश्य दिसलं, तरी 35 ची लेन्स बॉडी बदलली म्हणून 52 ची होत नाही. ती 35 चीच असते. बदलते ती फक्त चौकट.

माझं म्हणणं आणखी एक पाऊल पुढचं आहे. बॉडीत सोय असेल तर आपोआप होणारा क्रॉप बंद करून पाहा. माझ्या 35 चे कोपरे पूर्ण चौकटीत काळवंडतात, कडा मऊ पडतात. पण डी850 मध्ये 30 बाय 20 मिलिमीटरची मधली चौकट निवडली की बराचसा काळेपणा बाहेर जातो आणि 31 मेगापिक्सेल हाती राहतात. टोकिनाची 11-16 ही क्रॉपसाठीचीच झूम, पण 16 वर ती पूर्ण फुल फ्रेम व्यापते. झाकण कंपनीने लिहिलंय त्यापेक्षा मोठं असू शकतं, हे लावून पाहिल्याशिवाय कळत नाही.

मर्यादाही सांगतो. क्रॉप केला की सेन्सरचा निम्म्याहून कमी भाग प्रकाश गोळा करतो, तेव्हा मंडपातल्या अंधुक उजेडात नॉइज वाढणारच. 24 मेगापिक्सेलच्या बॉडीत उरतात 10. मोठ्या प्रिंटला ते अपुरे. फुल फ्रेमसाठी म्हणून क्रॉपची नवी लेन्स विकत घेणं तर शुद्ध वेडेपणा. माझी वकिली घरात आधीच असलेल्या लेन्सपुरती आहे.

तेव्हा विकायला निघण्याआधी एवढं करा: लेन्स लावा, होत असेल तर मेनूतला क्रॉप बंद करा, पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढा आणि कोपरे बघा. झूम असेल तर दोन्ही टोकांना बघा. मग दुकानात जायचं की नाही ते ठरवा.