मोकळ्या जागेचे भाडे कोणी घ्यावयाचे?

बदलापूरच्या एका गृहसंकुलात राहणारे आमचे एक साथी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करतात. मध्यंतरी एकदा पहाटे घरी परतल्यावर त्यांनी आपली स्कूटर इमारतीच्या खांबांमध्ये, गेली चार वर्षे ते लावीत आले त्याच जागी लावली. दुपारी झोपेतून उठून खाली येतात तो चाकाला लोखंडी जॅमर अडकवलेला आणि मुठीला चिठ्ठी बांधलेली. पाचशे रुपये भरल्याखेरीज गाडी सुटणार नाही! चिठ्ठीवर सोसायटीचे नाव नव्हते, कारण सोसायटी अद्याप स्थापनच झालेली नाही. नाव होते बिल्डरने नेमलेल्या व्यवस्थापन कंपनीचे. संध्याकाळी पुन्हा पाळीवर जावयाचे असल्यामुळे साथींनी पैसे भरले. पावतीवर ‘वाहनतळ शुल्क’ एवढेच दोन शब्द होते. ते कोणत्या अधिकाराने घेतले, याचा उल्लेख नव्हता.

शाखेच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी काहीसे त्रासून विचारले की, ज्यांच्यापाशी मालकीचे घर आहे आणि वर गाडी आहे, त्यांच्या गाऱ्हाण्यांशी आपल्याला काय कर्तव्य? प्रश्न टाकाऊ नाही. परंतु तो विचारणाऱ्याने कल्याणच्या पलीकडे कोण राहते याचा विचार केलेला नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अडुसष्ट किलोमीटरवरच्या बदलापूरला हौसेने कोणी घर घेत नाही. १९८२ च्या गिरणी संपानंतर ज्यांच्या पायाखालची जमीन सरकली त्यांची मुले, औद्योगिक वसाहतीतले कंत्राटी कामगार, खाजगी कचेऱ्यांतले कारकून, परिचारिका, शिक्षक अशी ही वस्ती आहे. वीस वर्षांच्या कर्जाचे हप्ते फेडणारा हा माणूस कागदावर मालक आहे. स्टेशन दूर आणि पहाटेच्या वेळी रिक्षेचा भरवसा नाही, म्हणून त्याने दुचाकी घेतली. तिला चैन म्हणणे हा शुद्ध अन्याय होय.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेविरुद्ध नहालचंद लालूचंद या विकासक कंपनीने दावा लावला होता. इमारतीच्या खांबांमधल्या पंचवीस जागा आमच्या मालकीच्या आहेत, संस्थेने तेथे पाऊल टाकू नये, अशी त्यांची मागणी होती. शहर दिवाणी न्यायालयाने दावा फेटाळला, उच्च न्यायालयाने २००८ साली अपील फेटाळले आणि ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अखेरचा निर्णय दिला. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्यानुसार स्टिल्टमधील किंवा उघड्यावरील गाडीची जागा म्हणजे ‘गॅरेज’ नव्हे, आणि स्वतंत्रपणे विकता येण्याजोगी ‘सदनिका’ तर नव्हेच नव्हे. ती सामाईक क्षेत्रे व सुविधांचा भाग आहे. प्रवर्तकाला विकण्यासारखे जे उरते ते केवळ न विकल्या गेलेल्या सदनिका. सामाईक क्षेत्राची किंमत प्रत्येक खरेदीदाराकडून त्याच्या चटई क्षेत्राच्या प्रमाणात घेण्याची मुभा त्याच कायद्याने बिल्डरला दिलेली आहे. म्हणजे जागेचे पैसे एकदा सदनिकेच्या किमतीत वसूल झालेले असतात. तीच जागा पुन्हा विकणे किंवा तिचे भाडे खाणे याला व्यापार म्हणत नाहीत.

यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. खांबांमधली ती मोकळी जागा चटई क्षेत्र निर्देशांकात धरली जात नाही. तेवढे बांधकाम बिल्डरला हिशेबाबाहेर करू दिले जाते, ते गाड्या रस्त्यावर येऊ नयेत एवढ्याचसाठी. सार्वजनिक हितासाठी समाजाने दिलेली ही सवलत आहे. तिच्यावर खाजगी नफा कमावणे म्हणजे सरकारी धान्य काळ्या बाजारात विकण्यासारखेच आहे. फरक इतकाच की, रेशनच्या दुकानदाराला कधीमधी अटक तरी होते.

इतका स्पष्ट निर्णय लागल्यावर प्रश्न मिटावयास हवा होता. तो मिटला नाही, कारण बांधकाम व्यवसायाची शासनावरची पकड न्यायालयीन निर्णयांपेक्षा चिवट असते. २०१६ साली संसदेने स्थावर संपदेचा कायदा केला. त्यात उघडे वाहनतळ सामाईक क्षेत्रात घातले हे खरे. परंतु महाराष्ट्र शासनाने २०१७ मध्ये त्याखाली जे नियम केले, त्यात ‘आच्छादित वाहनतळ’ नावाचा एक नवा वर्ग निर्माण केला आणि तळघर, पोडियम व स्टिल्ट येथील जागा त्यात टाकल्या. नमुना करारनाम्यात त्या जागेच्या किमतीसाठी वेगळी ओळच छापून दिली. दहिसरच्या रहिवाशांनी तीन न्यायालयांत लढून जे मिळवले होते त्याचा मोठा भाग नियमांतल्या एका व्याख्येने परत गेला. ३० जुलै २०२१ च्या परिपत्रकात महारेराने उघडी जागा पैसे घेऊन विकता वा देता येणार नाही असे बजावले, पण गॅरेज आणि आच्छादित जागा विकण्याची वाट त्याच परिपत्रकाने मोकळी ठेवली. विधिमंडळात यावर फारसे कोणी बोलले नाही, आणि आम्हीही पुरेसे बोललो नाही, ही कबुली येथे दिलेली बरी.

तरीसुद्धा बदलापूरच्या त्या संकुलातली वसुली या नव्या नियमांतही बसत नाही. आच्छादित जागा विकण्याची मुभा असणे वेगळे, आणि न विकलेल्या जागेवर रखवालदार बसवून चाकांना कुलपे घालणे वेगळे. शुल्क म्हणावे तर त्याला करार लागतो. दंड म्हणावा तर त्याला कायद्याने दिलेला अधिकार लागतो. व्यवस्थापन कंपनीपाशी यांपैकी एकही नाही. तिच्यापाशी आहे तो जॅमर, आणि रहिवासी एकेकटे आहेत याची खात्री.

ही खात्री आपोआप येत नाही, ती तजवीज करून निर्माण केली जाते. पुरेशा सदनिका विकल्या गेल्या की सोसायटी स्थापन करून देणे हे प्रवर्तकाचे कर्तव्य आहे, आणि पुढे जमिनीचे अभिहस्तांतरणही त्यानेच करून द्यावयाचे असते. परंतु अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात शेतजमिनी घेऊन जी मोठमोठी संकुले उभी राहिली, तेथे राज्याच्या नियमांतली एक तरतूद बिल्डरांच्या पथ्यावर पडली आहे. अनेक इमारतींच्या संकुलात जमिनीचे हस्तांतरण शेवटच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर करावयाचे असते. मग शेवटची इमारत कधी पूर्णच होत नाही. तोवर रस्ता, बाग, प्रवेशद्वार आणि वाहनतळ यांच्यावर जुन्या जहागीरदाराने नाक्यावर जकात घ्यावी तसा अंमल चालतो. घरकामाला येणाऱ्या बाईच्या सायकलीलासुद्धा फाटकाबाहेर ठेवतात, असे आम्ही स्वतः पाहिले आहे.

उल्हासनगरची कथा निराळी आहे. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकीत वसवलेल्या निर्वासितांच्या या शहरात घरे वाढली ती बराकीवर बराक, स्लॅबवर स्लॅब अशी. इतकी की २००६ साली अनधिकृत बांधकामे नियमित करण्यासाठी या एका शहरापुरता स्वतंत्र कायदा करावा लागला. कित्येक इमारतींखाली खांबच नाहीत, तर वाहनतळ कोठून असणार? गाड्या रस्त्यावर, आणि माणसे रस्त्याच्या उरलेल्या कडेने. तेथे भांडावयाचे ते बिल्डरशी नव्हे, नियोजनाचे कर्तव्य पन्नास वर्षे टाळणाऱ्या नगरपालिकेशी आणि मागाहून आलेल्या महानगरपालिकेशी. पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

एका मुद्द्यावर मात्र आपल्याच बाजूच्या मंडळींशी थोडे वाजवावे लागेल. वाहनतळाचे शुल्क मुळातच नको, अशी घोषणा काही ठिकाणी दिली जात आहे. ती आम्हाला मान्य नाही. ज्याच्यापाशी काहीच वाहन नाही त्याने मोटारवाल्याच्या जागेचा खर्च मासिक देखभालीतून का उचलावा? सोसायटीच्या नमुना उपविधींत याची वाट आहे. जागावाटप सोसायटीने करावयाचे, जागा अपुऱ्या असतील तर चिठ्ठ्या टाकावयाच्या, दर सर्वसाधारण सभेने ठरवावयाचा, आणि आलेला पैसा संस्थेच्या खात्यात जमा व्हावयाचा. दुसऱ्या मोटारीला पहिलीपेक्षा चढा दर लावला तर त्यात समाजवाद्याने कुरकुर करण्याचे कारण नाही. आमचा आक्षेप शुल्कावर नाही. ते कोणी ठरवले आणि कोणाच्या खिशात गेले, यावर आहे.

मृणाल गोरे आणि बाबूराव सामंत यांनी नागरी निवारा परिषदेच्या मार्फत दिंडोशीला कमाल जमीन धारणा कायद्याखालच्या जमिनीवर हजारो घरे उभी करवून घेतली, तेव्हा शहरातली जमीन ही विकावयाची वस्तू नसून राहावयाची जागा आहे हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखवले. तो कायदा महाराष्ट्राने २००७ साली रद्द केला. ज्या पिढीने त्याच्यासाठी लढा दिला तिच्या वारसांना आज खांबांमधल्या आठ-दहा फुटांसाठी भांडावे लागते आहे. यात कमीपणा वाटण्यासारखे काही नाही.

त्या संकुलातल्या बत्तीस कुटुंबांनी गेल्या दोन रविवारी एकत्र बसून कागद जमवावयास सुरुवात केली आहे. प्रत्येकाचा नोंदणीकृत करारनामा काढून त्यात वाहनतळाबद्दल काय लिहिले आहे ते तपासणे चालू आहे. नगरपालिकेकडे माहितीच्या अधिकाराखाली मंजूर नकाशाची व भोगवटा प्रमाणपत्राची प्रत मागितली आहे. बिल्डर सोसायटी करून देत नसेल तर रहिवाशांनी स्वतः उपनिबंधकांकडे अर्ज करावा आणि पुढे जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरण मागावे, ही वाट २००८ च्या दुरुस्तीने खुली केलेली आहे. पाचशे रुपयांच्या पावत्या आतापर्यंत एकोणीस जमल्या आहेत. ज्यांनी त्या फाडून टाकल्या, त्यांनी निदान बँकेच्या नोंदी शोधाव्यात. अंबरनाथ पूर्वेच्या ज्या दोन संकुलांतून अशाच तक्रारी आल्या आहेत, तेथील कार्यकर्त्यांनी आपापले कागद घेऊन पुढच्या बैठकीला यावे.