पानगळ आणि पवारणा



शाळेच्या पुस्तकात शरद ऋतू म्हटला की निरभ्र आकाश आणि टिपूर चांदणे असते. इंग्रजी पुस्तकात असते ती पानगळ. आमच्या पिंपळगाव बसवंतला झाडे आपणहून पाने टाकतात ती माघ-फाल्गुनात. द्राक्षबागेत मात्र पानगळ आश्विनातच होते, आणि तीही माणसाच्या हाताने. आपल्याच वस्तीतल्या आया-बहिणी रोजंदारीवर जाऊन धडधाकट पाने खुडतात, मागून कात्रीवाले काड्या छाटतात. तेव्हा कुठे चार महिन्यांनी द्राक्षे हाती येतात. कात्री लावली नाही तर वेल नुसता पाला वाढवते.

बागेत राबणाऱ्यांना ठाऊक असलेली एक गोष्ट आम्हा कारकुनाला फार उशिरा कळली. ऑक्टोबर छाटणीनंतर जो घड बाहेर पडतो, तो त्या महिन्यात घडलेला नसतो. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यात तो भर उन्हाळ्यातच धरलेला असतो.

याच ऋतूत, आपल्याच जिल्ह्यात येवल्याला, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. २ मार्च १९३० पासून चाललेला काळाराम मंदिराचा सत्याग्रह थांबवावा, असेही त्यांनी तेथेच सांगितले. मार खाल्लेल्या सत्याग्रहींना ते किती जड गेले असेल! पण हिरवी फांदी स्वतःच्या हाताने छाटायलाही धैर्य लागते. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीस, नागपुरात दीक्षा झाली. दोन्ही दिवस आपण साजरे करतो. मधल्या एकवीस वर्षांच्या अभ्यासाची आठवण कितीजण काढतात?

आषाढ पौर्णिमेला सुरू झालेला वर्षावास आश्विन पौर्णिमेला संपतो, तेव्हा भिक्खूसंघात पवारणा होते. माझे काही दोष आपण पाहिले, ऐकले असतील किंवा तशी शंका आली असेल तर सांगा, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो. उपासकांना हे बंधन नाही. तरीही गेल्या वर्षी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाच्या वाचनाचा समारोप करताना आम्ही हौसेने म्हणालो, ‘आमचेही दोष सांगा.’ वाटले, कोण बोलणार?

मागच्या रांगेतून एक आजी उठल्या. ‘भाऊ, तू वाचतो चांगलं. पण आम्ही बागेतून येतो, भाकरी टाकतो, तोवर तुमचं अर्धं वाचून झालेलं असतं. तीन महिने झाले, मला एक बी गोष्ट सुरुवातीपासून ऐकायला भेटली नाही.’

सातची वेळ आम्ही आमच्या कचेरीच्या सोयीने ठेवली होती. खोटे कशाला बोला, राग आला. हिशोबात चूक काढली असती तर वही पुढे केली असती. याला काय दाखवणार?

यंदा वाचन साडेआठला ठेवले. दोन जुने श्रोते जेवणाची व झोपेची सबब सांगून गळाले. बायका मात्र सतरंजी पुरेना इतक्या आल्या. एरवी आश्विन पौर्णिमेनंतर आमच्या विहाराला कुलूप लागते. छाटणी, टोमॅटो, दिवाळी, मग कोण येतो? या वेळी दर रविवारी उघडायचे ठरले आहे. आजींनी विचारले, ‘मागलं राहिलेलं, ते पहिल्यापासून का?’

होय, पहिल्या पानापासून. रविवारी रात्री साडेआठला. सतरंज्या टाकायला दोन मुले हवी आहेत.