गॅलरी रिकामी कुणी केली?

कोल्हापुरात ज्याचे बालपण गेले त्याला फुटबॉल आवडतो का, असे विचारायचे नसते. कुठल्या तालमीचा, एवढेच विचारायचे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की आमच्या घरातली पुरुषमंडळी जेवण उरकून दुपारीच बाहेर पडत. आत्या मात्र गच्चीवर वाळवण राखत बसे. स्टेडियमवरून आरोळी उठली की ती कान टवकारी, आणि आम्ही परतलो की दारातच विचारी, "दुसरा गोल कुणी मारला रे?" पहिला कुणी मारला हे तिला आवाजावरूनच कळलेले असे. इतका कान असलेली ही बाई आयुष्यात एकदाही त्या गॅलरीत बसली नाही. तिला कुणी नाही म्हटले नव्हते, पण चल असेही कुणी म्हटले नव्हते. त्या 'कुणी'मध्ये मीही आलोच.

हे आठवायचे कारण माझी भाची. ती चौदा वर्षांची आहे, डाव्या बगलेवर खेळते आणि अस्सल कोल्हापुरी मुलीसारखी 'मी येतो, मी जातो' बोलते. गेल्या वर्षी तिने फोन केला, "मामा, रविवारी मॅच आहे, येतोस न्हवं?" मी पुण्याहून गेलो, पण सामन्याला उशिरा पोहोचलो, कारण वाटेत एका मित्राकडे थांबलो होतो. पाटाकडीलचा सामना असता तर थांबलो असतो का? एका शाळेच्या मैदानावर, टळटळीत उन्हात, दुपारी एक वाजता सामना लावला होता. मी प्रेक्षक मोजले. सत्तावीस भरले, आणि त्यांतले नऊ जण पुढच्या सामन्यातले खेळाडू होते.

महिला फुटबॉलला प्रेक्षक कसा मिळवायचा, यावर सध्या बरेच बोलले जाते. या बोलण्यात एक गृहीत असते, की बायकांचा फुटबॉल ही नवी गोष्ट आहे, लोकांना तिची सवय नाही, हळूहळू होईल. हे गृहीतच चुकीचे आहे. इतिहास नेमका उलटा आहे.

पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि इंग्लंडच्या कारखान्यांत बायका दारूगोळा करू लागल्या. प्रेस्टन गावातल्या डिक, कर या कारखान्यातल्या मुलींनी 1917 साली संघ उभा केला. जखमी सैनिकांसाठी निधी जमवायचा, हा हेतू. नाताळच्या दिवशी पहिला मोठा सामना झाला, त्यालाच दहा हजार माणसे आली. 26 डिसेंबर 1920 रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर हाच संघ सेंट हेलेन्सच्या मुलींशी खेळला, तेव्हा आत 53 हजार लोक होते आणि जागा नाही म्हणून हजारो दाराबाहेर राहिले. धर्मादायासाठी तीन हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. दूरचित्रवाणी नव्हती, जाहिरातदार नव्हते, 'सक्षमीकरण' हा शब्दही नव्हता. सामना चांगला होता म्हणून लोक आले.

पुढे वर्ष उलटायच्या आत, 5 डिसेंबर 1921 रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला: हा खेळ स्त्रियांना अगदीच अनुचित असून त्यास उत्तेजन देऊ नये. संलग्न क्लबांनी आपली मैदाने बायकांच्या सामन्यांना देऊ नयेत. जमलेल्या पैशांतला फार मोठा वाटा खर्चात जातो, असा हिशेबाचा आक्षेपही जोडीला होता. खेळावर बंदी घातली असे कुणी म्हणायला नको, फक्त मैदान काढून घेतले! मैदान गेले की गॅलरी गेली, गॅलरी गेली की पैसा गेला, वर्तमानपत्रांतल्या बातम्या गेल्या. मुली मग बागांत नि मोकळ्या माळांवर खेळत राहिल्या. ही बंदी उठली 1971 साली. पन्नास वर्षे म्हणजे दोन पिढ्या. आजी खेळत होती हे नातीला ठाऊक नाही, इतका काळ. जर्मनीने 1955 ते 1970, ब्राझीलने 1941 ते 1979 अशाच बंद्या घातल्या. शेताचे पाणी तोडायचे आणि मग पीक येत नाही म्हणून जमिनीला नावे ठेवायची, त्यातला हा प्रकार.

आणि तरीही 1971 मध्येच मेक्सिकोत बायकांची एक जागतिक स्पर्धा झाली. तिला फिफाची मान्यता नव्हती. अझ्टेका स्टेडियममध्ये अंतिम सामन्याला लाखाहून अधिक प्रेक्षक होते. डेन्मार्कने यजमानांना 3-0 असे हरवले आणि तिन्ही गोल सुझान ऑगस्टेसन या पंधरा वर्षांच्या मुलीने केले. फिफाने आपली अधिकृत महिला विश्वचषक स्पर्धा भरवली ती 1991 साली, चीनमध्ये.

आताच्या आकड्यांनी लोक थक्क होतात. 2022 च्या मार्च-एप्रिलमध्ये बार्सिलोनाच्या कँप नोऊवर दोन सामन्यांना प्रत्येकी 91 हजारांहून अधिक माणसे आली. त्याच वर्षी वेम्बलीवर इंग्लंडने जर्मनीला 2-1 असे हरवून युरोपचे विजेतेपद घेतले, ते पाहायला 87,192 जण होते. पण मला या मोठ्या आकड्यांपेक्षा लंडनच्या आर्सेनल क्लबची गोष्ट अधिक शिकवणारी वाटते. त्यांच्या महिला संघाचे घरचे सामने शहराबाहेर बोरहॅमवूडच्या छोट्या मैदानावर होत. तिथे जागाच साडेचार हजारांच्या आसपास. क्लबने आधी मोजके सामने आपल्या मोठ्या एमिरेट्स स्टेडियमवर आणले, तिकिटे कुटुंबाला परवडतील अशी ठेवली, तारखा आधीपासून जाहीर केल्या आणि पुरुष संघाच्या पाठीराख्यांना हा 'आपलाच' संघ आहे असे सांगत राहिले. 17 फेब्रुवारी 2024 रोजी मँचेस्टर युनायटेडविरुद्ध तिथली सगळी तिकिटे संपली. साठ हजारांवर प्रेक्षक! पुढच्या हंगामापासून एमिरेट्स हेच त्यांचे मुख्य घर झाले.

अर्थात तिथेही सगळे गोड नाही. 2022 च्या त्याच युरोपीय स्पर्धेत काही सामने पाच हजारांहून कमी क्षमतेच्या मैदानावर ठेवले, तेव्हा आइसलँडच्या कर्णधार सारा ब्यॉर्क गुन्नार्सडोटिर हिने उघड नाराजी व्यक्त केली होती. शिवाय इंग्लंडच्या महिला लीगची सरासरी उपस्थिती 2024-25 मध्ये आधीच्या हंगामापेक्षा घटली. विजेतेपदाच्या लाटेवर आलेला माणूस लाटेबरोबर परतही जातो. त्याला थांबवायला दर पंधरवड्याला ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी सामना असावा लागतो.

इथे आपली गोष्ट सुरू होते, आणि ती थोडी लाजेची आहे. भारतीय महिला संघ 1980 मध्ये कालिकतला आणि पुन्हा 1983 मध्ये आशियाई स्पर्धेचा उपविजेता होता. त्या संघातल्या शांती मलिक यांना 1983 चा अर्जुन पुरस्कार मिळाला. हे आपल्यापैकी कितींना ठाऊक आहे? मला चाळिशी उलटेपर्यंत नव्हते. 2016-17 मध्ये इंडियन विमेन्स लीग सुरू झाली. मणिपूरच्या मुलींनी पहिले विजेतेपद घेतले. पण पहिली काही वर्षे ही लीग एका वर्षी एका गावी, दुसऱ्या वर्षी दुसऱ्या गावी अशी तंबू हलवावा तशी फिरत राहिली. गोकुलम केरळने विजेतेपदे मिळवली ती बंगळूर, भुवनेश्वर, अहमदाबाद इथे. केरळातला प्रेक्षक केरळातच बसून राहिला! घरचे आणि परगावचे सामने ही साधी पद्धत 2023-24 मध्ये आली.

शाहू स्टेडियम भरते ते तिथला फुटबॉल युरोपच्या तोडीचा आहे म्हणून नव्हे. खेळणारा पोरगा आपल्या गल्लीतला असतो, हरला तर उद्या चहाच्या टपरीवर त्याला टोमणे मारता येतात, म्हणून ते भरते. संघाला पेठ लागते. महिला संघाला ती कुणी देणार? मला वाटते, नवी लीग काढण्यापेक्षा तालमींनी आपला मुलींचा संघ काढून मुख्य सामन्याच्या आधी, त्याच मैदानावर, त्याच झेंड्याखाली उतरवला तर काम लवकर होईल. आलेली गर्दी तासभर आधी येईल, एवढेच.

'बायकांचा खेळ संथ असतो, म्हणून लोक येत नाहीत' हे वाक्य मी अजून ऐकतो. क्रिकेटबाबतही ते ऐकले होते. डिसेंबर 2022 मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारत-ऑस्ट्रेलिया महिला सामन्याला प्रवेश मोफत होता, आणि चाळीस हजारांहून अधिक लोक आले. 2023 च्या महिला प्रीमियर लीगमध्ये बायका-मुलींना तिकीट नव्हते. आणि 2 नोव्हेंबर 2025 रोजी त्याच मैदानावर विश्वचषकाच्या अंतिम सामन्याच्या तिकिटासाठी लोकांची धडपड चालली होती. फुकट बोलावणे ही सुरुवात म्हणून ठीक, पण कायम फुकट ठेवले की माणूस त्या गोष्टीला फुकटचीच समजतो. तीन वर्षांत तिथे वेग बदलला नाही, बघणाऱ्याची ओळख वाढली.

त्याच स्टेडियमवर 30 ऑक्टोबर 2022 रोजी सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना मी पाहिला. स्पेनने कोलंबियाला 1-0 असे हरवले, तोही कोलंबियाच्याच खेळाडूकडून झालेल्या स्वयंगोलावर. यजमान भारत गटातले तिन्ही सामने, अमेरिकेकडून 0-8 पासून सुरुवात करून, हरला होता, म्हणून आसपासच्या लोकांचा सूर 'आपले कुठे आहेत?' असा होता. जुलै 2025 मध्ये आपल्या वरिष्ठ महिला संघाने चिआंग माईत थायलंडला 2-1 असे हरवून आशियाई स्पर्धेची पात्रता मिळवली. पात्रता फेरीतून असे पहिल्यांदाच घडले. संगीता बासफोरने दोन्ही गोल केले. मी बातमी आतल्या पानावर शोधून काढली.

आमच्या घरी फरक पडला तो वेगळ्याच वाटेने. त्या सत्तावीस प्रेक्षकांची गोष्ट मी रात्री जेवताना सांगितली. बाबा ऐंशीच्या घरात आहेत, ते काही बोलले नाहीत. आत्या आता ऐकायला कमी येते, म्हणून मोठ्याने सांगावे लागले. ती म्हणाली, "आपली पोरगी खेळतीय आणि बघायला कुणी न्हाई? मला ने की."

पुढच्या सामन्याला दोघांनाही नेले. घडीच्या खुर्च्या, पाण्याचा तांब्या, डोक्यावर पदर. भाचीने डावीकडून चेंडू नेऊन बाहेर मारला. आत्या उठून उभी राहिली आणि गोल झाला असे समजून टाळ्या वाजवू लागली. मी म्हटले, "आत्या, बाहेर गेला तो." ती म्हणाली, "असू दे, जोरात मारला न्हवं?"

पुढचा सामना दुपारी तीनला आहे. छत्री न्यायची का, असे बाबा सकाळपासून दोनदा विचारून गेले आहेत.