एका संगणकात चार बिऱ्हाडे



दहावी-बारावीचा निकाल लागला की मलकापुरात काय आणि आजूबाजूच्या खेड्यांत काय, आपल्या घरांतून एकच धावपळ सुरू होते. दाखले, प्रवेश, शिष्यवृत्ती. अर्ज भरायचे ते ऑनलाइन. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही कुणाची मेहेरबानी नव्हे. १९४२ साली बाबासाहेबांनी व्हाइसरॉयपुढे अस्पृश्यांची गाऱ्हाणी मांडली, त्यांत शिष्यवृत्त्यांची मागणी होती; १९४४ साली ही योजना सुरू झाली. त्या हक्काचे दार आज मोबाइलच्या पडद्यावर आहे. जिनिंगमध्ये राबणाऱ्या बापाच्या जुन्या मोबाइलवर ते उघडते की नाही, हा प्रश्न म्हणूनच लहान नाही.

कधी कधी ते उघडत नाही. 'पुढे जा' हे बटण दिसतच नाही, नाहीतर फोटो चढत नाही. घरचे पोरीलाच बोल लावतात, "तुला भरता येत नाही." आम्ही सांगतो, पुष्कळदा चूक पोरीची नसते. पान बनवणाऱ्याने ते स्वतःच्या नव्याकोऱ्या संगणकावर पाहिले, तेथे ठीक दिसले आणि काम संपले असे मानले. तुमच्या मोबाइलवर ते कसे दिसेल, हे कुणी पाहिलेच नाही.

असे का होते? संगणकाचा सारा कारभार ऑपरेटिंग सिस्टीम पाहते. विंडोज, लिनक्स, ॲपलची मॅकओएस आणि मोबाइलवरची अँड्रॉइड ही तिची नावे. तिच्यावर चालणारा ब्राउझर संकेतस्थळ दाखवतो. क्रोम, फायरफॉक्स, एज, सफारी हे ब्राउझर एकच पान आपापल्या रीतीने मांडतात. एकाच वांग्याची भाजी घरोघरी वेगळी व्हावी तसे. मराठीत तर फरक लगेच दिसतो. विंडोजवर मराठीसाठी निर्मला हा फाँट असतो, अँड्रॉइडवर नोटो. अक्षरांची उंची-रुंदी बदलते, मग कुठे वेलांटीचा माथा कापला जातो, कुठे शब्द बटणाबाहेर पडतो. 'ॲडमिशन' या शब्दातले 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. जुन्या फाँटमध्ये ते नसले की त्या जागी नुसता चौकोन दिसतो.

तेव्हा पान सगळीकडे तपासले पाहिजे. पण त्यासाठी चार संगणक कुठून आणायचे? येथेच आपल्या मुला-मुलींच्या कामाची गोष्ट येते. एकाच संगणकात अनेक ऑपरेटिंग सिस्टीम नांदू शकतात. ही युक्ती नवी नाही. आयबीएमने १९६०च्या दशकात मोठ्या यंत्रांवर ती केली होती. आज ती घरच्या संगणकावरही होते.

तिच्या दोन रीती आहेत. पहिलीत डिस्कचे भाग पाडून दोन सिस्टीम शेजारी शेजारी बसवतात आणि संगणक सुरू करताना एक निवडतात. यात एका वेळी एकीचेच राज्य असते. शिवाय भाग पाडताना चूक झाली तर आतले सारे पुसले जाते, म्हणून आधी कागदपत्रे दुसरीकडे उतरवून ठेवावीत. दुसरी रीत व्हर्च्युअल मशीनची. घरमालकाने आपल्याच घरात बिऱ्हाडकरू ठेवावा, तशी मूळ सिस्टीमच्या आत दुसरी सिस्टीम एका खिडकीत चालते. व्हर्च्युअलबॉक्स हे त्यासाठीचे सॉफ्टवेअर फुकट मिळते आणि उबंटू, मिंट या लिनक्सच्या जातीही फुकट मिळतात. आठ जीबी रॅमच्या जुन्या संगणकावर एक बिऱ्हाडकरू सुखाने राहतो. बाकीची बिऱ्हाडे डिस्कवर ठेवून पाळीपाळीने उघडावीत. प्रत्येकाला डिस्कवर पंचवीस जीबीच्या आसपास जागा द्यावी. काही संगणकांत ही सोय बायोसमध्ये बंद असते, ती आधी चालू करावी लागते. एक अडचण मात्र राहते. ॲपलची मॅकओएस ॲपलच्याच यंत्रावर चालवावी, अशी त्या कंपनीची अट आहे. आणि मोबाइलची खरी परीक्षा शेवटी मोबाइलवरच होते.

व्हर्च्युअल मशीनची आणखी एक खुबी आहे. तिची आहे त्या क्षणीची स्थिती जपून ठेवता येते. तपासताना काही बिघडले तर एका आज्ञेत पुन्हा पूर्वस्थितीवर येता येते. नवशिक्याला याहून मोठा धीर कोणता?

हे काम पोटाला भाकरीही देते. आयआयटी मुंबईत शिकलेल्या रितेश अरोरा आणि नकुल अगरवाल यांनी २०११ साली मुंबईत ब्राउझरस्टॅक ही कंपनी काढली. संकेतस्थळ निरनिराळ्या ब्राउझरांवर आणि खऱ्या मोबाइलांवर दुरून तपासून पाहण्याची सोय ती जगभरच्या कंपन्यांना भाड्याने देते. २०२१ साली तिचे मोल चार अब्ज डॉलर धरले गेले. आपल्या पोरांना लगेच कंपनी काढा, असे आम्ही म्हणत नाही. पण तपासनीस म्हणून नोकरी मिळवायला लागते ती चिकाटी, बारीक नजर आणि सरावासाठी एक संगणक. विहाराच्या अभ्यासिकेत वर्गणीतून एक जुना संगणक घेतला, तर त्यावर पाच-सहा मुले-मुली पाळीपाळीने शिकू शकतील.

घरातल्या वडीलधाऱ्यांनाही यात काम आहे. पान उघडले नाही तर गप्प बसू नका. कोणता मोबाइल, कोणता ब्राउझर, कोणती तारीख आणि वेळ हे लिहून ठेवा, पडद्याचा फोटो काढा आणि लेखी तक्रार करा. अशी तक्रार दुरुस्त करणाऱ्याला नेमकी जागा दाखवते, आणि मुदत टळलीच तर तुमच्या हाती पुरावा राहतो.

१९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेनेही तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर चवदार तळे उघडले, पण आपल्या माणसांची ओंजळ पाण्याला लागली ती २० मार्च १९२७ रोजी. त्या लढ्याशी संकेतस्थळाची बरोबरी आम्ही करत नाही. त्यातला धडा तेवढा घ्यायचा: सर्वांना खुले, एवढे लिहिले म्हणजे खुले होत नाही. शेवटच्या माणसाचा हात तेथवर पोचतो का, हे कुणीतरी जाऊन पाहावे लागते. ते पाहायला आपली मुले-मुली शिकोत.

जय भीम!